साहेब माझ्याजवळ येईनासा झाला तेव्हा

मी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे ज्या चुका येणार आहेत त्या नर्सच्याच चुका आहेत, दुसऱ्या कुणाला त्या जमल्याच नसत्या.

आमचा कुत्रा साहेब मागच्या वर्षी गेला. त्याच्या किडन्यांचं दुखणं अडीच महिने चाललं. त्या काळात जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकावर मला बरीच माणसं भेटली. कुणाच्या मांडीवर मांजर, कुणाच्या हातात शेळीची दोरी. औषधांचं सगळे विचारत. पण आता पुरे कधी म्हणायचं, हे कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. मीही विचारलं नाही. माणसाच्या दुखण्यावर आमच्याकडे तासभर बोलतील, कुत्र्याचं दुखणं सांगायला लागलं की समोरचा आधी गालातल्या गालात हसतो. म्हणून हे लिहिते आहे. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं, साहेब होताच हसण्यासारखा.

नाव

त्याचं नाव आमच्या ह्यांनी ठेवलं. हे पाटबंधारे खात्यात कारकून होते. उभा जन्म "हो साहेब, आणतो साहेब" करण्यात गेला. आमची मुलगी पल्लवी दहावीत असताना एक दिवस ट्यूशनहून येताना सायकलच्या बास्केटमध्ये एक तांबूस पिल्लू घेऊन आली. एक कान उभा, एक पडलेला, पोट टम्म फुगलेलं. मी म्हटलं, हे घरात घ्यायचं नाही. ह्यांनी ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "याचं नाव साहेब. एक तरी साहेब माह्यं ऐकन."

त्याने ह्यांचं कधीच ऐकलं नाही. "साहेब, बसा" म्हटलं की हा उभा. "साहेब, या" म्हटलं की हा फाटकाबाहेर. रोज सकाळी मात्र ह्यांच्या खुर्चीखाली हजर, कारण चहाबरोबरच्या टोस्टमधला अर्धा त्याचा असायचा. बाकी तो माझा कुत्रा होता. मी ड्यूटीवरून आले की फाटकाची कडी वाजायच्या आत हा दारात. आधी पर्स हुंगायचा, मग चपला, आणि मग माझ्या साडीच्या निऱ्यांत डोकं खुपसून नुसता उभा राहायचा. पौर्णिमेला मी विहारात गेले की मागोमाग यायचा आणि वंदना संपेपर्यंत बाहेर चपलांच्या ढिगात, नेमका माझ्याच चपलेवर हनुवटी ठेवून बसायचा. सिंदी मेघेत आमच्या गल्लीत मला लोक "साहेबवाल्या सिस्टर" म्हणायला लागले होते. चौतीस वर्षं नोकरी मी केली, आणि ओळख कुत्र्याची लागली. मला त्याचं काडीचं वाईट वाटत नव्हतं.

मे महिना

मागच्या मे महिन्यात तो जास्त पाणी प्यायला लागला. आता वर्ध्याच्या मे महिन्यात कोण पाणी पीत नाही? आम्हीच दिवसाला दोनदा माठ भरत होतो. हा कुलरसमोर पसरलेला असायचा, उठायचा, बादलीत तोंड घालायचा, पुन्हा पसरायचा. जेवण कमी झालं तेव्हा मी म्हटलं, उन्हाने. वजन उतरलं तेव्हा म्हटलं, अकरा वर्षांचा झाला, वय झालं. वॉर्डातल्या कुठल्याही पेशंटमध्ये या तीन गोष्टी एकत्र दिसल्या असत्या तर मी डॉक्टरांच्या मागे लागले असते. घरच्याच्या बाबतीत डोळ्यांवर झापड येते ती अशी.

शेजारच्या कुंदाबाईंनी तर तोंडावर सांगितलं होतं, "सिस्टर, तुमच्या साहेबाच्या तोंडाले वास येऊन राह्यला वो." मी मनात म्हटलं, हिला दुसऱ्यांच्या घरचेच वास बरे येतात.

मग दोन दिवस सकाळी उलटी झाली आणि तिसऱ्या दिवशी त्याने टोस्टकडे नुसतं पाहिलं आणि मान फिरवली. हे हातात अर्धा टोस्ट धरून माझ्याकडे बघत राहिले. मी ऑटो बोलावला.

रिपोर्ट

दवाखान्यातलं ते लोखंडी टेबल मी विसरणार नाही. साहेबाचे पाय त्यावरून घसरत होते, आणि दर वेळी तो माझ्याकडे बघायचा, हे तुझंच काम दिसतंय अशा नजरेने. रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला. डॉक्टर तरुण होते, समजूतदार होते, बराच वेळ बोलले. मला पहिल्या दोन वाक्यांतच कळलं होतं. दोन्ही किडन्या बऱ्याचशा निकामी झाल्या होत्या आणि त्या परत येणार नव्हत्या.

"आपण वेळ वाढवू शकतो," डॉक्टर म्हणाले. "बरं करू शकत नाही."

ह्यांनी विचारलं, "मंग गोळ्या किती दिवस द्याच्या?"

हे ह्यांना कळलं नव्हतं असं नाही. ह्यांना कळून घ्यायचं नव्हतं. परत येताना ऑटोत साहेबाचं डोकं ह्यांच्या मांडीवर होतं. निम्म्या वाटेवर हे एकदम म्हणाले, "यानं कधी कोनाचं वाईट नाई केलं." जसं काही किडन्या आधी चौकशी करून मग खराब होतात. एरवी मी तसं बोलूनही दाखवलं असतं. त्या दिवशी नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की पाणी मी मोजायला हवं होतं. आणि दुसरं, की वेळ वाढवायचा ना? ते तर मला येतं.

माझी चूक तिथेच सुरू झाली. तेव्हा ती हिंमत वाटली होती.

ड्यूटी

पहिले चार दिवस सलाईन दवाखान्यात लावलं. पाचव्या दिवशी मी डॉक्टरांना म्हटलं, हे घरी मी करते. त्यांनी कातडीखाली सलाईन कसं द्यायचं ते दाखवलं, उलटीचं इंजेक्शन लिहून दिलं. पल्लवी पुण्याला बँकेत असते, तिची खोली रिकामीच होती. तिचा मी वॉर्ड केला. खिडकीच्या गजाला नायलॉनच्या दोरीने बाटली टांगली. स्टीलच्या ट्रेमध्ये कापूस, स्पिरिट, सुया, चिकटपट्टी. पल्लवीची एक जुनी मोठी वही होती, तिच्यात रकाने आखले. वेळ, पाणी, लघवी, उलटी, खाणं, औषध, सही.

दुपारची ड्यूटी ह्यांना दिली.

"सही कायले पाह्यजे?" हे म्हणाले. "घरात आपन दोघंच हाओ."

"ज्यानं काम केलं त्यानं सही कराची. तुमच्या हापिसात नव्हती का?"

"हापिसात कामाची सही नव्हती, सुनंदा. नुसती हजेरीची होती."

पण करायला लागले. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री आठ. सकाळी आणि रात्री सलाईन मी द्यायची, दुपारचं छोटं इंजेक्शन मी ह्यांना शिकवलं. जेवण म्हणजे बिनमिठाचा भात, उकडलेलं कोहळं, अंड्याचा पांढरा भाग. साहेबाने ते हुंगून माझ्याकडे असं पाहिलं, जसं मेसच्या पहिल्या दिवशी पोरं पाहतात. खाल्लं नाही तर मी जबडा उघडून भरवायची. गोळ्याही तशाच. तो चावला नाही, एकदाही नाही. ओठ थरथरायचे, बस.

तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं आणि आकडे खाली आले होते. डॉक्टरांनी माझी वही चाळली, पानं उलटत राहिले आणि म्हणाले, "सिस्टर, हा पेशंट दुसऱ्या कुणाकडे असता तर एव्हाना राहिला नसता." खरं सांगते, माझ्या निवृत्तीच्या सत्कारातही मला इतका आनंद झाला नव्हता. पल्लवीला फोन केला. कुंदाबाईंना थांबवून सांगितलं. ती वही मी टेबलावर उघडीच ठेवायला लागले, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून.

त्याच वहीत, त्याच आठवड्यात, माझ्याच अक्षरात शेऱ्याच्या जागी लिहिलेलं आहे: "मोरीत ड्रममागे झोपला." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाच दिवस तेच. मी समजले, तिथे गार लागत असेल.

टोस्ट

या काळात आम्ही दोघं जितकं भांडलो तितकं पल्लवीच्या लग्नाच्या याद्यांवरूनही भांडलो नव्हतो. एक दिवस सकाळी मी दळण आणायला गेले होते, पिशवी विसरले म्हणून परत आले, तर हे खुर्चीत आणि साहेब खुर्चीखाली. ह्यांचा हात खाली. मला पाहून हात चटकन वर आला, आणि साहेबाच्या मिशीला टोस्टचा चुरा.

"त्याले दिला तुमी?"

"म्या खाल्ला."

"अन त्याच्या तोंडाले चुरा कसा?"

"माह्या हातून सांडला."

साठी उलटलेला माणूस असा खोटं बोलत होता. मी चिडले. म्हटलं, तुम्ही त्याला मारून टाकाल. हे वाक्य मी फाटकात उभी राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. ह्यांनी चहाचा कप उचलला आणि आत गेले. दोन दिवस आमचं बोलणं फक्त वहीपुरतं होतं. त्या वाक्याबद्दल मी नंतर माफी मागितली, पण ते ह्यांना लागलं ते लागलंच.

ज्यांच्या घरी दुखणेकरी आहे त्यांना एवढंच सांगते, की जो पथ्य पाळतो त्याला वाटतं प्रेम आपलंच, आणि जो चोरून टोस्ट देतो त्यालाही तसंच वाटत असतं.

एक दिवस मी घरी नव्हते

जुलैच्या सुरुवातीला माझ्या एका जुन्या सहकारी सिस्टरचा निरोप समारंभ समुद्रपूरला होता. मी नाहीच म्हणत होते. हे म्हणाले, "जाय. येका दिवसानं काई होत नाई. दिवसभराचं म्या पाह्यतो." मी सकाळचं सलाईन देऊन निघाले. ट्रेमध्ये सगळं मांडून, वहीत वेळा लिहून. बसमध्येही दोनदा फोन केला. "हो, दिलं. हो, सही केली."

संध्याकाळी सहाच्या सुमारास मी परतले. गल्लीच्या तोंडापासून आमचं फाटक दिसतं. साहेब वऱ्हांड्यात ह्यांच्या पायाशी बसला होता. कुंदाबाई कुंपणापलीकडून काही सांगत होत्या आणि त्याची शेपटी जमिनीवर पट पट पडत होती. किती दिवसांनी मी ती शेपटी हलताना पाहत होते! पावलं आपोआप भरभर पडायला लागली. हातात पर्स, अंगावर ठेवणीतली साडी, केसांत समारंभात दिलेला गजरा.

मी फाटकाची कडी काढली.

साहेबाने मान वर केली. मला पाहिलं. कान मागे गेले, शेपटी पोटाखाली गेली, आणि जागच्या जागी त्याची लघवी झाली. मग तो भिंतीला घासत घासत आत गेला. मोरीत ड्रम सरकल्याचा आवाज आला.

माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? की किती झाली ते वहीत लिहायला हवं.

दुसरा विचार आला तेव्हा मी पायरीवर बसले.

"काऊन गेला तो?" मी ह्यांना विचारलं. "बिनसलं काय काई?"

कुंदाबाई एक शब्द न बोलता आत निघून गेल्या. कुंदाबाई गप्प बसल्या म्हणजे काय समजायचं ते गल्लीतल्या कुणालाही विचारा.

ह्यांनी फडकं आणून वऱ्हांड्यातली लघवी पुसली. मग म्हणाले, "तुले खरंच नाई माईत?"

"काय?"

"तो तुले भिऊन राह्यला, सुनंदा. रोज भेते. तुह्या ट्रेचा आवाज आला का ड्रमाच्या मांगं जाते. आता ट्रे नसला तरी जाते."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"तू येवढं करून राह्यली होती. कसं सांगू?"

मग सगळं बाहेर आलं. त्या दिवशी दुपारचं इंजेक्शन ह्यांनी दिलंच नव्हतं. वहीत सही मात्र केली होती. आणि त्या दिवशीच नाही, गेले दहा-बारा दिवस दुपारचं इंजेक्शन नुसतं सहीतच होतं. त्या वेळात हे दोघं वऱ्हांड्यात बसत, अर्धा टोस्ट खात.

"आज भंगारवाला आलता," हे म्हणाले. "साहेब उठला अन भुंकला त्याच्यावर. पाच-सहा डाव भुंकला. मले इतलं बरं वाटलं."

तो महिनाभर भुंकला नव्हता हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझ्या वहीत भुंकण्याचा रकाना नव्हता.

मी रडले असेन असं वाटेल. नाही, मी भांडले. खोट्या सह्यांवरून भांडले, औषध चुकवल्यावरून भांडले, जे जे हाताला लागलं त्यावरून भांडले. रात्री आठची वेळ झाली तेव्हा मी ट्रे उचलायला गेले आणि तशीच मागे फिरले. ट्रे न घेता मोरीच्या दारात जाऊन उभी राहिले. ड्रममागून त्याचे दोन डोळे माझ्या हातांकडे बघत होते. तोंडाकडे नाही, हातांकडे.

तेव्हा रडले.

पाच गोष्टी

दुसऱ्या दिवशी मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. वही नेली नाही. म्हटलं, डॉक्टर, हे कुठवर?

ते म्हणाले, "मी गेल्या वेळीच विचारणार होतो. पण तुमची वही बघून धीर झाला नाही."

मग त्यांनी मला एक काम सांगितलं. साहेब धडधाकट असताना त्याला ज्या गोष्टींसाठी जगायला आवडायचं त्या सांगा. मी बोटांवर मोजल्या. सकाळचा टोस्ट. ह्यांच्या खुर्चीखालची जागा. भंगारवाल्यावर भुंकणं. माझ्यामागे विहारात येणं. आणि मी घरी आले की निऱ्यांत डोकं खुपसणं.

"यातल्या किती राहिल्या?"

चोरून दिलेला टोस्ट धरून तीन राहिल्या होत्या, आणि त्या तिन्ही मी समोर नसताना. ज्या दोन गेल्या होत्या त्या माझ्या होत्या. हे मी मोठ्याने बोलले.

"सलाईन बंद केलं तर?"

"दोन आठवडे. कमीही असू शकतात. उलटीसाठी पातळ औषध देतो, तोंडाने. सुई लागणार नाही." चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "चालू ठेवलं तर महिना, दीड महिना. ठरवायचं तुम्हाला."

महिना, दीड महिना तो ड्रममागे राहणार. किंवा दोन आठवडे कुठे राहील ते मला माहीत नव्हतं. माणसांच्या वॉर्डात अशी निवड कधी माझ्यावर आली नव्हती. तिथे मी आदेश पाळत होते.

पल्लवीला फोनवर सांगितलं तर ती भडकली. "आई, तू नर्स आहेस. तू पेशंट सोडून देतेस?" मला तिचा राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, कदाचित जास्त कडक. मी म्हटलं, तू ये आणि पाहा. उरलेल्या बाटल्या आणि सुया मी त्याच दिवशी दवाखान्यात देऊन आले. घरात राहिल्या असत्या तर माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

मेथी

पहिल्या दिवशी मी वऱ्हांड्यात सतरंजी टाकून बसले आणि मेथी निवडायला घेतली. मोरीचं दार उघडं ठेवलं. त्याला हाक मारली नाही. पेशंटला हाक मारायची सवय इतकी मुरलेली, की जिभेला आवरणं हेच मोठं काम झालं. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रममागून निघाला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि बसला. मी वर पाहिलं नाही. त्या आठवड्यात आमच्या घरी रोज मेथी होती. ह्यांनी मुकाट्याने खाल्ली.

तिसऱ्या दिवशी तो माझ्यामागून आला. आधी त्याचा श्वास जाणवला. पाठ हुंगली, कोपर हुंगला, मग हातापाशी येऊन थांबला. माझ्या हातांना स्पिरिटचा वास येतो असं पल्लवी लहानपणी म्हणायची. मी ते हात तीन दिवस शिकेकाईने घासत होते. मी दोन्ही तळवे उघडे करून मांडीवर ठेवले आणि श्वास रोखून बसले. तो मागे सरकला. पण गेला नाही. हातभर अंतरावर आडवा झाला.

पाचव्या दिवशी त्याने माझ्या पावलावर हनुवटी ठेवली.

मला मुलगी झाली, नोकरी लागली, घर झालं. त्या सगळ्या आनंदांच्या बरोबरीने मी हा आनंद ठेवते, आणि मला त्याची लाज वाटत नाही. मी हलले नाही. पाय बधिर झाला, मुंग्या आल्या. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, शेवटी ह्यांनी उठून गॅस बंद केला. येताना म्हणाले, "बसा साहेब, बसा. आता बाई तुमच्याच हाये."

त्यानंतरचे नऊ दिवस चांगले गेले. टोस्ट राजरोस झाला. आषाढ पौर्णिमेला मी विहारात निघाले तर तो फाटकापर्यंत आला आणि तिथे त्याचे पाय थकले. ह्यांनी त्याला उचललं, विहाराबाहेर चपलांजवळ आणून ठेवलं आणि स्वतःही तिथेच बसले. वंदना संपल्यावर आत खीर वाटत होते. मी द्रोणातली चमचाभर बोटावर घेऊन त्याला चाटवली. पथ्य मोडलं, हो.

शील

मग त्याने टोस्ट सोडला. तोंडात फोड आले, पाणी प्यायला मान वाकवली की कळवळायचा. मागचे पाय उठेनात. हे त्याला उचलून बाहेर न्यायचे, आणि स्वच्छ राहणारा आमचा साहेब ह्यांच्या हातातच ओला व्हायचा आणि मान फिरवून घ्यायचा.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "हवं तेव्हा सांगा, मी घरी येतो."

हे म्हणाले, "त्याले त्याच्या मरनानं मरू दे. आपन कोन ठरवनारे?" कुंदाबाई म्हणाल्या, "मुक्या जनावराले सुई देऊन मारता काय वो सिस्टर?" बाईंचा सूर वाईट नव्हता. त्या रडत होत्या.

माझं स्वतःचं वेगळंच चाललं होतं. दर पौर्णिमेला मी पंचशील म्हणते, आणि त्यातलं पहिलंच शील जीव न घेण्याचं आहे. लहानपणापासून म्हणत आले, आणि कधी विचार करावा लागला नव्हता, कारण माझं काम जीव वाचवण्याचं. आता पहिल्यांदा त्या शब्दांपाशी मी थांबले. दोन दिवस मी विचार केला. शेवटी मला इतकंच दिसलं, की त्याचा आजार त्याला मारतोच आहे, फक्त त्याला घाई नाही. आणि ते हळूहळू मरणं बघत बसायचं, म्हणजे माझे हात स्वच्छ राहावेत म्हणून त्याने सोसायचं. मी शील मोडलं की पाळलं, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. तुम्हाला कुणी ठामपणे सांगितलं तर त्या माणसाने असा जीव मांडीवर घेतलेला नाही असं समजा.

पल्लवी शनिवारी आली. साहेबाने शेपटी एकदा हलवली. ती तासभर त्याच्याजवळ जमिनीवर पडून राहिली आणि उठल्यावर म्हणाली, "आई, उद्याच." डॉक्टरांना फोन ह्यांनीच लावला.

रविवार

डॉक्टर सकाळी आले. वऱ्हांड्यात माझ्याच सतरंजीवर त्याला ठेवलं होतं. पल्लवी पाठीशी, हे पायाशी, मी डोक्याशी. आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. तो सैल झाला, पण डोळे उघडे होते.

मग डॉक्टरांनी पुढच्या पायाची शीर शोधायला सुरुवात केली. अंगातलं पाणी आटल्यावर शिरा कुठे सापडतात? सुई गेली आणि शीर हुकली. साहेबाचा पाय किंचित आखडला. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सिस्टर, तुम्हीच घ्या ना. तुमच्या हाताला लगेच सापडेल."

सापडली असती. मला जागेवरून दिसत होती. बोटं आपोआप हलली सुद्धा. पल्लवी म्हणाली, "आई, घे ना. त्याला दुखतंय." आणि ते खरं होतं, मी घेतली असती तर त्याची एक टोच वाचली असती. यावर मी अजून स्वतःशी भांडते.

पण त्याचं डोकं माझ्या उघड्या तळहातावर होतं, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"नाही डॉक्टर," मी म्हटलं. "आज मी नातेवाईक आहे."

चौतीस वर्षं मी नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढलं. बाहेर थांबा, गर्दी करू नका, आम्हाला आमचं काम करू द्या. ते दाराच्या फटीतून बघत राहायचे आणि मला वाटायचं, नुसतं बघून काय मिळतं यांना.

डॉक्टरांनी दुसऱ्या पायाला पट्टी बांधली. या वेळी शीर सापडली. मी त्याच्या पडलेल्या कानात त्याचं नाव घेत राहिले. थोड्या वेळाने डोकं माझ्या हातावर जड झालं.

त्याला आम्ही मागच्या आवारात सीताफळाच्या झाडाखाली पुरलं. खड्डा ह्यांनीच खणला, कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळी चहा केला तर कुणी टोस्टचा डबा उघडला नाही. पल्लवी आत फोनवर कुणाला तरी सांगत होती. हे कप खाली ठेवून म्हणाले, "किती वाजले असतीन तवा?"

दवाखान्यात श्वास थांबला की माझा हात आपोआप मनगटाकडे जायचा. आधी घड्याळ, मग डोळे मिटवणं, मग घरच्यांना बोलावणं. किती माणसांची शेवटची वेळ माझ्या अक्षरात लिहिलेली आहे, मिनिटासकट. मी आठवून पाहिलं. ऊन सतरंजीच्या कडेला आलं होतं, कुंदाबाईंच्या घरात मिक्सर चालू होऊन बंद झाला होता, साहेबाच्या नाकावर एक माशी बसली होती आणि ती मी हाकलली होती.

"माईत नाई," मी म्हटलं. "म्या घड्याळ पाह्यलंच नाई."